नवरदेवाला नाही म्हणता येत नव्हतं

नीरज पागनीस आमच्या समोरच्या घरात राहतो. इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरात त्याच्याबद्दल कोणालाही विचारा, "फार सज्जन मुलगा" हेच उत्तर मिळेल. सगळं होऊन गेल्यावरसुद्धा हेच मिळतं. मला नीरजचा राग येतो, पण हे उत्तर देणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो. म्हणून जे घडलं ते एकदा सरळ सांगून टाकते.

नीरजचे वडील तो कॉलेजात असताना गेले. त्यानंतर घर चालवलं आई इंदुमतीबाईंनी. आज दुधी करायचा की गिलकी, इथपासून मुलानं कोणत्या कंपनीत जायचं इथपर्यंत सगळं त्या ठरवायच्या आणि नीरज मान डोलवायचा. आईलाच नव्हे, तो सगळ्यांनाच हो म्हणायचा. एकाच रविवारी क्रिकेटच्या दोन टीमना येतो म्हणून सांगायचा आणि सकाळी पोट धरून पांघरुणात पडून राहायचा. दोन्हीकडची पोरं खिडकीशी येऊन त्याची चौकशी करून जायची. कॉलनीनं याला भिडस्तपणा म्हटलं. मला तेव्हाही तो लबाडपणाच वाटायचा. फक्त तो आवाज न करता चालायचा, म्हणून कोणाला खुपत नव्हता.

पुढे तो विजय नगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि टीम लीड झाला. तिथे त्याची सुरुची ठोसरशी ओळख झाली. सुरुची मूळची अमरावतीची. तिचं पुण्यात लग्न होऊन मोडलं होतं आणि सगळं मागे टाकून ती इंदूरला नोकरीला आली होती. एकदा हात पोळलेली बाई सहसा सावध असते, पण नीरजनं तिला फार जपलं. डबा आणायचा, आजारी पडली की डॉक्टरकडे न्यायचा. लग्न करू म्हणाला. आईला सांगतो म्हणाला. आधी दिवाळीनंतर, मग आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, मग घराच्या रंगकामानंतर. तीन वर्षं गेली आणि इंदुमतीबाईंना सुरुची हे नावही ठाऊक झालं नाही. घटस्फोटित मुलगी म्हटल्यावर आईचा चेहरा कसा होईल, एवढ्याच कल्पनेनं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

इकडे आईनं स्थळ पाहिलं. शर्वरी रिसबूड. ती माझ्याच कॉलेजात फिजिक्स शिकवते, म्हणून ही गोष्ट मला दोन्ही बाजूंनी कळली. शर्वरीची आई नाही. वडील रामभाऊ रेल्वेतून रिटायर झालेले, शांत, मोजकं बोलणारे. पाहण्याच्या कार्यक्रमात इंदुमतीबाईंनी नीरजला विचारलं, "पसंत आहे ना रे?" तो हो म्हणाला. साखरपुडा झाला, मार्गशीर्षातली तारीख निघाली, धार रोडवरचं मॅरेज गार्डन ठरलं. प्रत्येक पायरीवर त्याला तोंड उघडायची संधी होती. त्यानं ते फक्त पेढ्यासाठी उघडलं.

सुरुचीला त्यानं सांगितलं की आईनं जबरदस्ती केली आहे, हे लग्न मी मोडणार, थोडा वेळ दे. शर्वरीला सांगितलं की तिच्यासारखी समजूतदार मुलगी आयुष्यात भेटली नव्हती. मला वाटतं, बोलताना दोन्ही वेळा त्याला ते खरंच वाटत असावं. समोर जी बसेल तिच्यावर त्याचं प्रेम असायचं.

लग्नाला महिना उरला असताना शर्वरीला फोन यायला लागले. नंबर अनोळखी, दर वेळी वेगळा, आवाज मात्र एकाच माणसाचा, जाडा आणि आरामशीर. नीरजशी लग्न केलंस तर पस्तावशील, असं तो हिंदीत सांगायचा आणि प्रत्येक वाक्याशेवटी विचारायचा, "समझ रिये हो ना, मैडम?" शर्वरीनं मला हे स्टाफरूममध्ये चहा पिताना सांगितलं, एखाद्या बिघडलेल्या उपकरणाबद्दल सांगावं तसं. नंतर एक मोटरसायकल कॉलेजपासून घरापर्यंत तिच्या स्कूटीमागे येऊ लागली. एके दिवशी पार्किंगमध्ये स्कूटीची सीट ब्लेडनं उभी फाडलेली सापडली. त्या दिवशी मात्र तिचा चहा थंड होईपर्यंत तसाच राहिला.

"पोलिसांत जा," मी म्हणाले.

"नीरज नको म्हणतो, ताई. त्याच्या आईला बीपी आहे. तो म्हणाला, तुला टेंशन होत असेल तर लग्न नको करू या, मी अजिबात वाईट मानणार नाही. किती विचार करतो ना?"

शर्वरीसारख्या शिकल्यासवरलेल्या मुलीनं हे बोलावं याचं मला तेव्हा नवल वाटलं. होणारा नवरा बायकोला धमक्या येतात हे ऐकून चिडत नाही, शोध घेत नाही, लग्न मोडायची सवलत मात्र देतो. आणि तिला त्यात मोठं मन दिसत होतं. पण ती हट्टी होती. कोणीतरी फोनवर दम देतं म्हणून लग्न मोडणं तिला अपमानाचं वाटलं. जितके फोन आले तितकी ती पक्की होत गेली.

शर्वरीचे मामा श्रीहरी मानपुरला असतात, हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे. त्यांना पत्रिका द्यायला एका रविवारी दोघं नीरजच्या गाडीनं गेली. मामांनी जेवू घातलं, भावी जावयाच्या पाठीवर थाप मारली. दुपार कलताना दोघं परत निघाली, तेव्हा नीरज म्हणाला की हायवेवर ट्रकांची रांग असेल, जानापावच्या बाजूच्या रस्त्यानं जाऊ, तुला डोंगरही दिसेल. शर्वरीला बरं वाटलं. साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच त्यानं स्वतःहून काही ठरवलं होतं.

तो रस्ता सुनसान होता. एका वळणावर पांढरी जीप आडवी उभी होती. नीरजनं गाडी थांबवली. तोंडाला गमछे बांधलेले दोघे जण जीपमधून उतरले. एकाच्या हातात लोखंडी रॉड होता. "लड़की को उतार," तो म्हणाला आणि त्यानं शर्वरीच्या बाजूच्या काचेवर रॉड मारला. काच फुटून तिच्या मांडीवर पडली, हातातून रक्त आलं. तिनं नीरजकडे पाहिलं. नीरज तिथे नव्हता. त्याच्या बाजूचं दार उघडं होतं आणि तो रस्त्याखालच्या झुडपांमधून पळत चालला होता. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

शर्वरी पुढे मला म्हणाली की त्या क्षणी भीतीपेक्षा रिकाम्या सीटचं आश्चर्य जास्त वाटलं. मग तिचं डोकं चाललं. गाडी चालूच होती. ती सरकून स्टीयरिंगमागे बसली, रिव्हर्स टाकला आणि उघड्या दारासकट गाडी मागे घेतली. रॉडवाला बॉनेटला लटकत दोन पावलं आला आणि रस्त्यावर आपटला. तिनं गाडी वळवली आणि थेट मामांच्या दुकानासमोर आणून उभी केली. हाताला टाके पडले.

मामा तिला घेऊन पोलिसांकडे गेले. तक्रार लिहून होत असताना नीरज एका भाजीच्या टेम्पोतून आला. पँटला काटे, चेहऱ्यावर धूळ. मदत आणायला गेलो होतो, असं त्यानं सांगितलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायला बाहेर निघून गेले.

कोणावर संशय आहे का, असं अंमलदारानं विचारलं. आयुष्यात प्रथमच नीरजनं आपणहून एक नाव घेतलं. "सुरुची ठोसर," तो म्हणाला. ऑफिसातली मुलगी आहे, आपल्या मागे लागली होती, आपण दाद दिली नाही, म्हणून सूड घेत असेल.

तीन वर्षं जिला लग्नाचं वचन दिलं तिचं हे वर्णन त्यानं पोलिसांसमोर केलं. तिला चौकशीला बोलावणं गेलं. ऑफिसात सगळ्यांदेखत उठून जावं लागलं. सोडून दिलं खरं, पण कंपनीनं काही दिवस रजेवर जायला सांगितलं आणि तिच्या मागे कुजबूज राहिली. घटस्फोटित बाईनं एका सभ्य मुलाला नादी लावलं, ही कथा ऐकायला लोक आधीच तयार होते.

शर्वरीनं सुरुची हे नाव तिथेच पहिल्यांदा ऐकलं. दोन दिवसांनी तिनं नीरजकडून पत्ता न घेता स्वतः शोधून काढला आणि कॉलेज सुटल्यावर विजय नगरला गेली. सुरुची तिथे पेइंग गेस्ट म्हणून राहायची. सुरुचीनं दार अर्धंच उघडलं. शर्वरीनं आपलं नाव सांगितलं, तसं ते परत लागू लागलं.

"तुमच्या भावाला सांगा," सुरुची फटीतून म्हणाली, "आता फोन आला तर मी पण तक्रार करीन."

"मला भाऊ नाही," शर्वरी म्हणाली.

दार उघडलं. सुरुचीलाही महिनाभर फोन येत होते. मी मुलीचा भाऊ बोलतो, नीरजचा नाद सोड, नाहीतर अमरावतीत तुझ्या आईवडिलांना राहणं मुश्कील करीन, असं तो माणूस सांगायचा. सुरुचीच्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होत होते. तिनं एक लावला. जाडा, आरामशीर आवाज. शेवटी तोच प्रश्न: समझ रिये हो ना?

शर्वरी पलंगावर बसली. रेकॉर्डिंग तिनं परत ऐकलं, मग आणखी एकदा. एकच माणूस एकीला सांगत होता लग्न करू नकोस आणि दुसरीला सांगत होता त्याला सोडून दे. दोघीही बाजूला झाल्या तर कोणाचा फायदा होता, हे दोघींना समजेना. मग दोघींनी नीरजनं काय काय सांगितलं ते एकमेकींना सांगायला सुरुवात केली. दोघींना त्यानं एकच वाक्य म्हटलं होतं, शब्द न शब्द सारखा: तुला टेंशन होत असेल तर लग्न नको करू या, मी अजिबात वाईट मानणार नाही. ते वाक्य जुळल्यावर पुढचं फारसं बोलावं लागलं नाही. जानापावचा रस्ता कोणी सुचवला, हे शर्वरीला आठवलं. पण आठवणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी पागनीसांकडे नीरजचं केळवण होतं. घरात एवढी खळबळ माजलेली असताना इंदुमतीबाईंनी ते रद्द केलं नव्हतं. सून जिवावरच्या प्रसंगातून वाचली म्हणून उलट देवाला नैवेद्य वाढवला होता. मी शेजारीण म्हणून पंगतीत होते. नीरज चौरंगासमोर बसला होता, कपाळाला कुंकू, गळ्यात हार. त्याच्या शेजारी त्याचा शाळेपासूनचा दोस्त अनीश बसला होता. अनीशचा इंदूरजवळ बेटम्याला जुन्या गाड्यांचा धंदा आहे. शर्वरीनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, साखरपुड्याला तो आलाच नव्हता.

शर्वरी आणि सुरुची आत आल्या तेव्हा वाढप चालू होतं. शर्वरीच्या हाताला पट्टी होती. सुरुचीला घरातलं कोणी ओळखत नव्हतं, म्हणून इंदुमतीबाईंनी तिला मैत्रीण समजून "ये ये, बस" केलं आणि अनीशच्या पानावर श्रीखंड वाढायला वाकल्या.

"बस आंटी," अनीश हसून म्हणाला, "पेट फट जाएगा, समझ रिये हो ना?"

शर्वरी जागच्या जागी थांबली. मी तिच्याकडे पाहत होते, म्हणून मला दिसलं की तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस जसा पाहतो तशी ती अनीशकडे पाहत होती. तिनं सुरुचीला खूण केली. सुरुचीनं फोन पुढे धरला आणि रेकॉर्डिंग मोठ्या आवाजात लावलं. पंगतीत चमचे थांबले. मैं लड़की का भाई बोल रिया हूँ, असं फोन म्हणाला, आणि समोर पानावर बसलेला तोच आवाज लाल होत गेला.

अनीश दांडगा असला तरी डोक्यानं मंद होता, आणि एकट्यानं अडकायची त्याची तयारी नव्हती. तो हात न धुता उठला आणि नीरजकडे वळला.

"भिया, तूने ही तो बोला था. दोनों को डरा, जो टिकेगी उससे कर लूँगा."

असं होतं ते. त्याला दोघींपैकी कोणालाच नाही म्हणायचं नव्हतं. म्हणून त्यानं दोघींना घाबरवायची व्यवस्था केली. जी पळून जाईल ती गेली, जी उरेल ती बायको. शर्वरी पळाली तर आईला सांगायला कारण तयार: मुलगीच भित्री निघाली. सुरुची गेली तर सुंठेवाचून खोकला गेल्यासारखं. फोननं दोघीही हलेनात, तेव्हा जानापावचा बेत झाला. ऐन वेळी अनीशनं स्वतः न येता आपल्या दोन माणसांना पाठवलं. रॉड काचेवर पडला तसं नीरजला वाटलं की हे भलतेच कोणी खरे गुंड आहेत, आणि तो स्वतःच्याच नाटकाला भिऊन पळाला. हे मला कळलं तेव्हा हसू आलं, आणि मग त्या हसण्याचीही किळस आली.

सगळे नीरजकडे पाहत होते. तो हार काढायला विसरला होता.

"मला कुणालाच दुखवायचं नव्हतं," तो म्हणाला.

सुरुची पुढे झाली. ती रडत नव्हती. "आता तर सांग. आम्ही दोघी इथे आहोत. तुला कोण हवी होती?"

मला त्या क्षणी त्याच्याकडून काहीही चाललं असतं. हिचं नाव, तिचं नाव, कोणीच नको, काहीही. नीरजनं मान वळवून आईकडे पाहिलं. आईनं सांगितलं असतं तर तो तेच म्हणाला असता, हे त्या खोलीत प्रत्येकाला दिसलं. इंदुमतीबाईंच्या हातात अजून श्रीखंडाचा डाव होता.

"अगं शर्वरी, पत्रिका बाँटून झाल्या," त्या म्हणाल्या. "गार्डनवाला काय म्हणेल? बसून बोलू ना आपण. पोरगा बहकला थोडा. मनानं साफ आहे."

शर्वरीनं साखरपुड्याची अंगठी काढून नीरजच्या पानाशेजारी ठेवली. "काकू, त्यानं हे मला तोंडावर सांगितलं असतं तर मी त्याला मनानं साफ म्हटलं असतं," ती म्हणाली आणि नीरजकडे न पाहता बाहेर पडली. सुरुची तिच्यामागून गेली. अनीश मागच्या दारानं निघाला, पण शर्वरीनं येण्याआधी मामांना सगळं सांगितलं होतं आणि त्यांनी पोलिसांना कळवून ठेवलं होतं. तो गल्लीच्या तोंडाशी सापडला. नीरज पळालाही नाही. तो बसून राहिला, पोलीस येईपर्यंत, आणि चला म्हणाल्यावर उठून गेला.

लग्न मोडल्याचं कळवायला रामभाऊ स्वतः घरोघर गेले. जिथे जिथे पत्रिका दिली होती तिथे तिथे. लोकांना वाटलं ते काहीतरी आडून सांगतील, मुलीची तब्येत वगैरे. त्यांनी कुठेच आडून सांगितलं नाही. मुलानं दोन मुलींना गुंड लावून धमकावलं, त्यातली एक माझी, एवढं बोलून ते चहा न घेता उठायचे. मी ज्या घरी होते तिथे त्यांच्या गेल्यावर यजमानीण बाई म्हणाल्या, "बिचारा नीरज, वडील नाहीत ना, दबून गेला." मी पर्स उचलली आणि निघाले.

कंपनीनं नीरजला काढलं. जामिनावर सुटल्यापासून तो घरीच असतो, ऑनलाइन काही काम करतो. सकाळी आईसाठी पोहे आणायला जातो, रस्त्यात भेटेल त्याला नमस्कार करतो, कोणाची पिशवी जड असली तर उचलून घेतो. कॉलनीतल्या बायकांना त्याचं वाईट वाटतं. एकीनं तर माझ्याजवळ शर्वरीचा विषय काढला, की मुलीनं एवढं ताणायला नको होतं, आपसात मिटलं असतं. मी तिला विचारलं की तुमच्या मुलीच्या मांडीवर काच पडली असती तर काय मिटवलं असतंत. ती तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्याचं सुख आहे.

सुरुचीला कंपनीनं परत घेतलं होतं, पण ती राहिली नाही. नागपुरात नोकरी मिळाली, आईवडील जवळ. केसच्या तारखेला मात्र ती न चुकता येते आणि शर्वरीकडे उतरते. दोघींची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. त्या एकमेकींशी फारसं बोलत नाहीत. रामभाऊ दोघींना कोर्टात सोडतात, त्या बाकावर शेजारी बसतात, नाव पुकारलं की दोघीही उठतात. एकदा नीरजच्या वकिलानं समझोत्याची गोष्ट काढली होती, माफी लिहून देतो म्हणून. शर्वरीनं सांगितलं की माफीही त्यानं दुसऱ्याच्या तोंडून पाठवली आहे, तेव्हा केस चालू द्या.

मागच्या तारखेला नीरज आईबरोबर आला होता. इंदुमतीबाई बाहेर झाडाखाली डबा धरून बसल्या होत्या. आत माफीचा साक्षीदार झालेला अनीश उभा राहिला आणि सगळं परत एकदा तसंच्या तसं बोलला. नीरजला विचारलं की यावर काही म्हणायचं आहे का, तेव्हा त्यानं वकिलाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. वकील नेमका त्या दिवशी आजारी होता. पुढची तारीख पडली आहे.